कांजी कुणी घालवली

वन्सं, आज सकाळी चूल पेटवताना मी पुन्हा तुमच्याशी भांडले. लाकडं ओली होती, डोळ्यांत धूर गेला, आणि मागून कुणीतरी "फुकू नको गं एवढी, वरची दोन काढ" असं म्हणेल म्हणून मी क्षणभर थांबले. कुणी म्हणालं नाही. मग मीच मोठ्याने म्हणाले, "काढते, काढते, तुमचंच खरं." शाळेच्या ओट्यावर बसलेल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कांजीवाली बाई एकटीच बोलते, असं आता गावभर होईल. होऊ दे.

तुम्हाला जाऊन सव्वीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुमच्यासाठी रडायला मला सवड मिळाली नाही असं म्हटलं तर तुम्ही हसाल, कारण मी कामाची एवढी कधीच नव्हते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? खरं असं की रडायला बसलं की सांगायची राहिलेली गोष्ट घशाशी येते, आणि ती गावात कुणाला सांगायची सोय नाही. तुमच्या भावालासुद्धा नाही. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला वाचता यायचं नाही. माझा प्रत्येक अर्ज तुम्ही मोठ्याने वाचून घ्यायचात आणि मध्येच म्हणायचात, "हे काप, सायेबाला कळायचं नाय." यातलं मी काही कापणार नाही.

मी या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही माझं नाव "ठेसनातली" ठेवलंत. माझे वडील कर्जत स्टेशनात रूळ बदलणारे पॉइंट्समन, आणि मी सातवी पास. या दोन गोष्टींचा मला भारी तोरा होता, आणि तुम्ही तो पहिल्या आठवड्यात उतरवलात. भात कांडताना माझ्या हाताला फोड आले ते बघून म्हणालात, "सातवीत मुसळ नाय शिकवत का गं?" मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तुम्ही माझ्या हाताला खोबरेल लावलंत, तेही न बोलता. तुमच्याशी माझं नातं असंच होतं, भांडण आधी आणि तेल मागाहून.

लग्न होऊन तीन वर्षांत नवरा गेला आणि तुम्ही माहेरी परत आलात. गावातल्या सगळ्या पोरांची तुम्ही यसूआत्या. कुणाचं पोर कुणाच्या अंगणात पडलं, कुणाला गोवर निघाला, कुणाच्या सुनेला दूध येत नाही, सगळं तुमच्याकडे. मी एकदा कुरकुरले की आपल्या घरात तुम्ही असता कधी. तुम्ही म्हणालात, "ह्ये बी घर, त्ये बी घर." मला तेव्हा ते उत्तर उद्धट वाटलं होतं.

लढाईत भात सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायला लागलं. त्यात एक वर्ष पीक बुडालं, आणि शाळेत पोरं फळ्यासमोर चक्कर येऊन पडायला लागली. तेव्हा सरकारने शाळेच्या ओट्यावर कांजीचं केंद्र उघडलं. तांदूळ आणि डाळ खालापूरच्या सरकारी दुकानातून, दुकान चालवणारे कासमचाचा ते बैलगाडीने पोचवायचे. लहान पोरं, अंगावर पाजणाऱ्या बाया आणि ज्यांना कुणी नाही अशी म्हातारी माणसं, एवढ्यांना दिवसातून एकदा. शिजवायला एक बाई हवी होती. तुम्ही गेलात.

पहिले चार दिवस कुणी आलंच नाही. कुणब्याच्या घरचं पोर फुकटचं खाणार नाही, असं घरोघर बजावलेलं. हंडाभर कांजी निवून गेली आणि तुम्ही ती कुत्र्याला घालता घालता रडलात, मी पाहिलंय. पाचव्या दिवशी तुम्ही गावात हिंडून सांगितलंत की तांदूळ सरकारचा, पण सरपण सरकार देत नाही, तेव्हा ज्याचं पोर जेवणार त्याने एक लाकूड पाठवायचं. झालं. दुसऱ्या दिवशी पोरं काखेत एकेक लाकूड घेऊन रांगेत हजर. फुकटाचं राहिलं नाही, आता ते देणं-घेणं झालं. चुलवाणाला तेवढी लाकडं लागत नव्हती. उरलेली तुम्ही ज्यांच्याकडे जळण नव्हतं त्यांच्या दारात टाकून यायचात. एवढं डोकं मला सात इयत्ता शिकून नव्हतं.

धोंडीआजी मात्र लाकूडही आणू शकत नव्हती. मुलगा ब्रह्मदेशात लढाईवर गेला तो परतला नाही, डोळे गेलेले, घरात चिटपाखरू नाही. ती रोज येताना कुडाची एक काडी मोडून आणायची. तुम्ही ती काडी मोठ्या मानाने चुलीत घालायचात.

लढाई संपली. आम्हाला वाटलं आता सगळं बरं होईल. कासमचाचांनी एक दिवस गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, "यसूबाय, वरती खर्च कापतायत. लडाईचे खर्च बंद, असं बोलतात. साहेब यिऊन बघणार, कुठं केंद्र ठेवायचं आन कुठं मोडायचं." चैत्र होता. नवं भात यायला दिवाळी उजाडणार होती, आणि निम्म्या घरांच्या कणगीत बियाण्याखेरीज काही नव्हतं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी हा सगळा कागद काळा केला आहे.

त्या संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. साहेब येणार म्हणजे काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. कर्जतच्या स्टेशनात इन्स्पेक्शन असलं की वडील आठ दिवस घरी जेवायला यायचे नाहीत. दगडांना चुना, पितळेला चिंच, कोपऱ्यातला केर इंजिनच्या शेडमागे. साहेबाला सगळं लख्ख दिसलं पाहिजे, एवढंच मी लहानपणापासून शिकले होते. लख्ख दिसलं तर बक्षीस, मळकं दिसलं तर माणसाची बदली. मी उभी राहिले, पदर खोचला आणि सगळ्या पुरुषांसमोर सांगितलं की केंद्र झकपक दिसायला हवं. पोरं न्हालेली हवीत, बाया नीट नेसलेल्या हव्यात, ओटा सारवलेला, आणि साहेब गावचे पाहुणे, ते जेवल्याशिवाय जाता कामा नयेत. केंद्राने गावाचं किती भलं झालं ते त्यांना दिसू दे, मग ते कशाला मोडतील?

तुम्ही एकट्या म्हणालात, "सुमे, सायेब पोटं बगाय येतोय. लगीन बगाय नाय. हाव तशी दिसूंदे."

आणि मी काय म्हणाले? मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वन्सं, तुम्हाला साहेब लोकांची रीत कळत नाही." गाव माझ्या बाजूला आलं. त्यात गावाचाही दोष नाही. पाहुण्यापुढे उणं दाखवायचं नाही, हे मी शिकवायच्या आधीपासून सगळ्यांच्या अंगात होतं. मी फक्त त्याला सातवी पासची मोहोर लावली.

काय काय केलं आपण, आठवतं? बियाण्यासाठी राखलेलं भात तीन घरांनी कांडलं. एक कोंबडी होती, तीही गेली. तेल उसनं आणून पोरांची डोकी चोपडली. त्या वर्षी कापडाचीही मारामारी, दोन सुनांत एक धड लुगडं असलेली घरं होती. जिच्या वाट्याला लुगडं आलं नाही ती त्या दिवशी दार लावून आत बसली. म्हणजे साहेबांना जे दाखवायला हवं होतं तेच नेमकं आपण कडी लावून कोंडलं. आणि मी पोरांना ओळीत बसवून घोकून घेतलं, "साहेबांनी विचारलं, भूक लागली का, तर काय सांगायचं?" "नाय, पोट भरलंय." हावरटासारखं दिसू नये म्हणून.

साहेब वाईट नव्हते. तरणेच होते, चष्मा लावलेले, मराठीच. भाकरी मोडून रस्सा ओरपून जेवले, हात धुताना म्हणाले, घरची आठवण झाली. एका पोराला विचारलं, भूक लागली का. त्याने पाठ केलेलं सांगितलं. मग धोंडीआजीसमोर उकिडवे बसून विचारलं, "आजी, काही त्रास?" आजीने आवाजाच्या दिशेने हात जोडले. "देवाच्या किरपेनं समदं बरं हाय साहेब. तुमी जेवलाव ना पोटभर?" मला इतका अभिमान वाटला, वन्सं. मी वळून तुमच्याकडे बघितलं, आता तरी हसाल म्हणून. तुम्ही हंड्याच्या बुडाला लागलेलं खरवडत होतात.

तीन आठवड्यांनी कागद आला. वाचायला मीच. "गावात अन्नाची टंचाई दिसून आली नाही. केंद्र महिनाअखेर बंद करावे." मी तो देवळापुढे उभी राहून मोठ्याने वाचला. धोंडीआजीने विचारलं, "म्हंजी कसं?" तुम्ही तिचा हात धरून तिला घरी नेलंत.

ज्येष्ठ गेला. ज्यांनी बियाणं कांडलं त्यांची वावरं अर्धी पडीक राहिली. तुम्ही आपल्याच घरच्या कंट्रोलच्या तांदळातून दहा-बारा पोरांना पातळ पेज द्यायला लागलात. मी विचारलं, आपलं काय? म्हणालात, "माजा सोमवार हाय." मग मंगळवार, मग एकादशी, मग शनिवार. श्रावणात उपासांना तोटा नाही. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उपाशी राहिलात आणि मी त्याला धर्म समजत होते. मी तुम्हाला एकदा चिडवलंसुद्धा, की वन्सं, देव थकला आता तुमचे उपास मोजून. हे आठवलं की मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

अर्ज मी लिहीत होते. एक, दोन, तीन. उत्तर नाही. मग कळलं की साहेबांचा मुक्काम कर्जतला आहे, आणि तुम्ही म्हणालात, "चला." आपण सहा जणी, डोक्यावर इरली, पायाखाली चिखल, पळसदरीच्या अंगाने पायी. एवढं अंतर तुम्ही रिकाम्या पोटी चाललात हेही मला मागाहूनच कळलं. वाटेत तुम्ही गाणं म्हणायला लावलंत, कारण मागची एक जण रडत होती.

साहेबांनी आपल्याला आत बोलावलं. माझा चौथा अर्ज हातात घेतला, वाचला. वर पाहून म्हणाले, "बाई, यात तुम्ही लिहिता की पोरं उपाशी आहेत. मी तर तुमच्या गावात पोटभर जेवून आलो. दोन्हीतलं खरं कुठलं? अर्ज करणारीनेच मला फसवलं असेल तर या कागदाला मी काय किंमत देऊ?"

तेवढ्यात तुम्ही पुढे झालात.

"ती चूक माजी साहेब. मीच गावाला म्हनलं, साहेबाला जेवू घाला, पोरांस्नी न्हाऊ घाला. ही पोर शिकलेली हाय, ही नगं म्हनत व्हती. म्हनत व्हती, हाव तशी दिसूंदे. मी आयकलं नाय. मी अडानी."

तुमचंच वाक्य तुम्ही माझ्या तोंडी घातलंत आणि माझं खूळ स्वतःच्या डोक्यावर घेतलंत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होते. मी नाही म्हणाले नाही. ते थोडे नरमले. म्हणाले, पुन्हा पाहणी करीन, वचन देत नाही, वरून हात बांधलेत.

परतताना आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. मी म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात, मी लहान आहे का? तुम्ही चालता चालता, दम लागलेला असताना म्हणालात, "तुज्यासाटी कोन बोललं? कागद तुज्या हातचा. तू खोटी पडलीस तं कागद खोटा. कागद खोटा तं पोरं उपाशी. मी खोटी पडले तं काय बिगडतं? मला कुटं सही येतीय?" मी म्हणाले, गावात मी खरं सांगणार. तुम्ही थांबलात. "गावात सांगशील तं चार दिसांत साहेबाच्या कानावर. पयलं पोरांचं होऊंदे, मंग बग."

बरोबरच्या चौघी होत्याच. दोन दिवसांत गावभर झालं की जेवणाचं डोकं यसूचं होतं. देवळापुढे त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर बोलले होते, ते गावाला आठवू नये? पण लोकांनी ते त्यांच्या परीने बसवलं. सून नणंदेच्या शिकवणीने बोलली असेल, घरात चालतं कुणाचं, वगैरे. तुमचं ते एक वाक्य तर कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. ज्यांचं बियाणं गेलं त्यांना कुणावर तरी चिडायला हवंच होतं. पाणवठ्यावर एकीने तुमच्या तोंडावर म्हटलं, "आत्या, कांजी तूच घालवलीस गं." तुम्ही घागर डोक्यावर घेतलीत आणि म्हणालात, "व्हय बाय." मी तुमच्या मागेच उभी होते. माझ्या डोक्यावर पण घागर होती. डोक्यावर भरलेली घागर असली की मान हलवता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

मग हिवताप आला. सगळे म्हणतात तुम्ही तापाने गेलात. म्हणू देत. ताप गावात सगळ्यांनाच येऊन गेला, ज्यांच्या अंगात काही शिल्लक होतं त्यांना सोडून गेला. शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "कागद आला?" मी म्हणाले, येईल. मी पुढे बोलायला तोंड उघडलं, आणि तुम्हाला कळलं मी काय बोलणार ते. मानेनेच नाही म्हणालात. मी गप्प बसले. गप्प बसण्यात मी फार पटाईत झाले आहे, वन्सं.

यानंतर काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. भटजींनी सांगितलं, लग्न झालेली मुलगी माहेरी वारली तर सुतक तीन दिवस, तेही भावाच्या घरापुरतं. पण धोंडीआजी काठी टेकत आपल्या दारी आली आणि तुमच्या भावाला म्हणाली, "तुमी तीन दिस पाळा नायतर नका पाळू. माज्या घरात धा दिस." तिच्या घरात ती एकटी. संध्याकाळपर्यंत दुसरं घर, तिसरं घर. अख्ख्या गावाने तुमचं दहा दिवसांचं सुतक धरलं. आणि आठव्या दिवशी गणपती होता. यंदा आपल्या गावात एकाही घरी गणपती बसला नाही. ज्यांनी तुम्हाला पाणवठ्यावर बोलून घेतलं होतं त्यांच्याकडेही नाही. मी आजीला विचारलं, कांजी घालवली म्हणता ना तुम्ही सगळे, मग हे कशाला? आजी म्हणाली, "चुकली आसंल. आपलीच हाय ना." मी घरात जाऊन कणगीच्या मागे तोंड लपवून ओक्साबोक्शी रडले. चूक केली कुणी, आणि माफी मिळाली कुणाला, आणि तीही तुम्हाला ऐकायला मिळाली नाही.

साहेब आले ते सहाव्या दिवशी, न कळवता. गावात शिरले तर काय? ओट्यांना सारवण नाही, कुणाच्या डोक्याला तेल नाही, कुणी पुढे होऊन या म्हणालं नाही. सुतकात पाण्यालासुद्धा विचारायचं नसतं, म्हणून कुणी विचारलं नाही. साहेब गोंधळून म्हणाले, "परवा गणपती, आणि गावात एकही मखर नाही?" तुमच्या भावाने सांगितलं, सुतक आहे. "कुणाचं?" "माज्या भैनीचं. समद्या गावाचं."

मागच्या वेळी कोंडून बसलेली सून फाटकं नेसून दारात उभी होती, तिला आत जायचं भान नव्हतं. साहेबांनी पोरांना तोच प्रश्न विचारला. मी काही पढवलं नव्हतं. एक मुलगी म्हणाली, "लागलीय." मग दुसरी. धोंडीआजीने हात जोडले नाहीत. ती म्हणाली, "काल बी नाय खाल्लं साहेब." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

वन्सं, तुम्ही म्हणाला होतात तसं सगळं त्यांना दिसलं. त्यासाठी तुम्हाला मरावं लागलं.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या त्या बाई म्हणजे, कर्जतला आल्या होत्या त्याच ना? जेवणाचा घाट ज्यांनी घातला?" सगळं गाव उभं होतं. मी तेव्हा ठरवलं होतं की आता बोलायचं. शप्पथ ठरवलं होतं. साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या हातात माझाच अर्ज होता. "आणि तुम्ही नको म्हणत होतात. खरं ना?"

पोरं माझ्याकडे बघत होती. नाही म्हटलं असतं तर तुम्ही सुटला असता, आणि तो कागद तिथेच फाटला असता.

मी म्हणाले, "हो."

साहेब म्हणाले, "बाई, त्या वेळी तुमचं ऐकलं असतं तर केंद्र बंदच झालं नसतं." मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू गेलं. बायांनी माझ्याकडे मानाने पाहिलं. एवढा मान मला जन्मात कधी मिळाला नव्हता. तेव्हा मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

सुतक फिटलं, त्यानंतर हुकूम आला. दिवाळीपर्यंत केंद्र चालू. दिवाळीनंतर पुन्हा पाहणी, कारण वरून कपात चालूच आहे, आणि तेव्हा साहेब हे नसले तरी कागद तोच असणार. त्यात तुम्ही कायमच्या लिहिल्या गेल्या आहात, गावाला भुलवणारी अडाणी बाई म्हणून. आणि मी शहाणी. मी जितका विचार करते तितकी मला यातून वाट दिसत नाही. आज खरं सांगितलं तर आजच चूल विझते. दिवाळीला सांगितलं तर दिवाळीला. दर वेळी कुणीतरी कात्री घेऊन येणार, आणि दर वेळी तुम्हाला खोटं पाडून मला पोरांच्या ताटल्या वाचवायच्या आहेत. "मंग बग" म्हणाला होतात. ते मग कधी येणार, वन्सं? मला भीती वाटते, येणारच नाही. मी म्हातारी होईन, आणि गावातल्या नव्या सुनांना सांगितलं जाईल की इथे एक यसूआत्या होती, स्वभावाने चांगली, पण तिने कांजी घालवली.

मला तुमचा राग येतो, खरंच येतो. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच त्या दिवशी एवढ्या निर्धास्तपणे पुढे झालात. आणि दुसऱ्याच क्षणाला वाटतं, अशी नणंद कुणाला मिळते? मला मिळाली आणि मी तिला साहेब लोकांची रीत शिकवायला गेले.

काल धोंडीआजी खाऊन झाल्यावर उठेना. मला हाक मारली. मी जवळ बसले तर चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "यसूनं घालवली व्हती, तू परत आनलीस गं पोरी. देव तुजं भलं करंल."

मी "आजी, अजून घालू का?" एवढंच विचारलं. तिने ताटली पुढे केली.